तुमचा उजेड, समोरच्याचा अंधार

गाडीला झेनॉन हेडलाइट बसवायचं एकदा डोक्यात आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘पोलीस पकडतात का रे?’ ॲक्सेसरीजच्या दुकानात त्याचं उत्तर तयार असतं. ‘काही होत नाही साहेब, सगळे लावतात.’ कट्ट्यावरच्या मित्राकडेही असतं. ‘पकडलं तर पावती फाडायची, विषय संपला.’ या दोन उत्तरांच्या जोरावर थोड्या वेळात किट बसतं, बोनेट बंद होतं आणि रात्री पार्किंगच्या भिंतीवर पडलेल्या निळसर पांढऱ्या उजेडाचा फोटो स्टेटसला जातो.

पोलीस पकडतात की नाही, हा नशिबाचा प्रश्न झाला. तो बाजूला ठेवू. हे कायदेशीर आहे का, आणि नसेल तर का नाही, हे विचारू.

आधी उत्तर सांगून टाकू, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. ज्या गाडीचा हेडलाइट कंपनीने हॅलोजन बल्बसाठी बनवलाय, त्यात बाजारातून आणलेलं झेनॉन, म्हणजेच एचआयडी किट बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. हॅलोजनच्या जागी घुसवलेल्या झगझगीत एलईडी बल्बची गोष्टही तीच. जी गाडी कारखान्यातूनच झेनॉन किंवा एलईडी हेडलाइट घेऊन बाहेर पडली, तिला ही अडचण नाही. आता तुम्ही म्हणाल, दिवा तोच, उजेड तोच, मग एकाला परवानगी आणि दुसऱ्याला दंड, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकाआधी हेडलाइटच्या काचेमागे सापडतं.

बल्ब एकटा नसतो

आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांमध्ये एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ५५/६० वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतताना रस्त्याकडे झुकतो. म्हणूनच डिपरवरची गाडी भिंतीसमोर उभी केली, तर उजेडाची वरची कड पट्टीने आखल्यासारखी दिसते. आपल्या देशात ही कड डावीकडे थोडी वर चढते, कारण डाव्या बाजूला पाट्या असतात, पायी चालणारी माणसं असतात. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिकडून समोरची गाडी येत असते. एका साध्या दिव्यात एवढा विचार केलेला असतो.

हा सगळा हिशोब तार नेमकी कुठे आहे आणि तिचा आकार केवढा आहे, यावर बेतलेला असतो. इथे मिलिमीटरचा फरकही महागात पडतो. झेनॉनमध्ये तर तारच नसते. क्वार्ट्झच्या छोट्याशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेले असतात आणि दोन टोकांमध्ये विजेचा झोत पेटलेला राहतो. तो पेटवायला २० हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो. किटबरोबर येणारा बॅलास्ट नावाचा डबा तेच काम करतो. या झोताचा आकार तारेसारखा नसतो, चमक सगळीकडे सारखी नसते. रिफ्लेक्टरला मात्र यातलं काही माहीत नसतं. तो बिचारा तारेच्या हिशोबाने घडवलेला. मग उजेडाची ती आखीव कड विस्कटते आणि जो उजेड रस्त्यावर पडायचा, तो समोरच्याच्या काचेवर, आरशात, झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागतो.

आता आकडे बघा. हॅलोजनची ५५ वॅटची डिपरची तार साधारण १,००० लुमेन उजेड देते. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांमधला ३५ वॅटचा झेनॉन बल्ब देतो साधारण ३,२०० लुमेन. वीज कमी, उजेड तिप्पट. म्हणून १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या ७ सिरीजमध्ये झेनॉन आणलं, तेव्हा ते कौतुकाचंच होतं. तंत्र वाईट नाहीच. पण तिप्पट उजेड सांभाळायला तेवढीच कडक शिस्त लागते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे डिपरला २,००० लुमेनच्या वरचा दिवा वापरायचा, तर गाडीत ओझं वाढलं तरी फोकस आपोआप खाली आणणारी यंत्रणा हवी आणि हेडलाइटची काच धुणारे फवारेही हवेत. काचेवर धूळ बसली तरी उजेड विखुरतो, म्हणून फवारे. दुकानात मिळणाऱ्या किटमध्ये दोन बल्ब, दोन बॅलास्ट आणि वायरींचा गुंता एवढंच असतं.

जास्त उजेड म्हणजे जास्त दिसतं का?

किट बसवलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ‘भावा, रस्ता दिवसासारखा दिसतो.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला तसं वाटत असतं. विखुरलेला बराच उजेड गाडीच्या नाकासमोर पडतो. तेवढा तुकडा लख्ख दिसतो, डोळ्याची बाहुली त्या लख्ख उजेडाप्रमाणे आकसते आणि लांबचा रस्ता, जिथे खरं बघायचं असतं, तो आणखी काळा होतो. पाऊस पडत असेल किंवा आंबोलीसारख्या घाटात धुकं उतरलं असेल, तर वर उधळलेला उजेड थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरा पडदा, पुढे काय ते देव जाणे.

रंगाचंही तसंच. हॅलोजनचा पिवळसर उजेड साधारण ३,२०० केल्विनचा असतो. कारखान्यात बसवलेलं झेनॉन साधारण ४,३०० केल्विनचं. बाजारात मात्र ६,००० आणि ८,००० केल्विनची किटं जास्त खपतात, कारण निळा रंग ‘प्रीमियम’ दिसतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप आहे, ताकदीचं नाही. उलट निळसरपणा वाढवत नेला की कामाचा उजेड घटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांना होणारा त्रास वाढतो. म्हणजे आपण पैसे मोजून कमी दिसणारा आणि जास्त टोचणारा दिवा घेतो.

कायदा नेमकं काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ वाचण्यासारखा आहे. त्यात वॅट नाही, लुमेन नाही, झेनॉनचं नावही नाही. त्यात एक माणूस उभा केलाय. तुमच्या दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. दिवा असा बनवलेला, बसवलेला आणि राखलेला असला पाहिजे, की त्याचा झोत कायम खालीच झुकलेला राहील. उजवीकडेच का? कारण आपण डावीकडून चालतो आणि समोरचा आपल्या उजव्या बाजूने जातो. दीड मीटर म्हणजे समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या किंवा बाइकवर बसलेल्याच्या डोळ्यांची उंची, कमी-जास्त तेवढीच. नियम लिहिणाऱ्याने तुमच्या गाडीत बसून नव्हे, समोरून येणाऱ्याच्या जागी उभं राहून तो लिहिलाय.

नियम १११ त्याच्याच पंगतीतला. नोंदणी अधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतल्याशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही, आणि ती परवानगीही अपवाद म्हणूनच. बाइकवाल्या मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. लडाखच्या रीलमध्ये बघून बाइकच्या क्रॅश गार्डवर ‘फॉग लॅम्प’ म्हणून जे दोन चौकोनी एलईडी बार ठोकले जातात आणि मग शहरातल्या रस्त्यावर चालू ठेवले जातात, त्यांनी या नियमाची आठवण ठेवलेली बरी.

आता मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवर गाडीचा जो तपशील आहे, तो कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच कलम ठळक केलं. मॉडिफिकेशनवाल्यांच्या ग्रुपमध्ये यावर एक हुशार युक्तिवाद फिरतो. ‘आरसी बुकात बल्बचा उल्लेखच नाही, मग कसला बदल?’ ऐकायला बिनतोड. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्याचं चौथं उपकलम वाहनाचे भाग नंतर बसवून केलेल्या बदलांचा उल्लेख करूनच बोलतं. कायद्याने आणि नियमांनी परवानगी न दिलेला असा बदल मालकाने केला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा आरसीत बल्ब शोधत बसण्यात अर्थ नाही. शिवाय नियम १०६ आहेच, तो आरसीकडे बघतही नाही.

या सगळ्यामागे एक साधी पद्धत आहे. गाडीचं नवं मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये त्याची तपासणी होते. तिथे हेडलाइट संच म्हणून पास होतो. बल्ब, रिफ्लेक्टर, काच, बसवण्याची उंची, सगळं मिळून. त्यातला एक तुकडा तुम्ही बदलला, की तपासून पास झालेला दिवा तो राहिलाच नाही.

तुमच्याच गाडीवर याचा पुरावा कोरलेला असतो. हेडलाइटच्या काचेवर मोबाइलचा टॉर्च मारून बघा. बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील. ‘एच’ने सुरू होणारी, म्हणजे एचसी, एचआर किंवा एचसीआर अशी अक्षरं असतील, तर तो दिवा हॅलोजनसाठी पास झालाय. ‘डी’ने सुरू होणारी, डीसी किंवा डीसीआर असतील, तर झेनॉनसाठी. काचेवर ‘एच’ आणि आत झेनॉन असेल, तर वाद घालायला काही उरत नाही. आणि किटचं खोकंही एकदा उलटून बघा. त्यातल्या बऱ्याच खोक्यांवर बारीक टायपात छापलेलं असतं, ‘ओन्ली फॉर ऑफ-रोड यूज’. म्हणजे विकणाऱ्याने आपली सुटका आधीच करून ठेवलीय.

यात विम्याचा प्रश्नही आहे. कंपनीला न कळवता केलेला बदल आणि त्यातून, समजा वायरिंग तापून, गाडीला लागलेली आग, असं प्रकरण झालं तर नुकसानभरपाई नाकारायला विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. स्वस्त किट बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिले जातात, त्या जोडांची वॉरंटी कोणीच देत नाही.

दिपतो एक, मरतो दुसरा

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, दंड आहे, पण त्यात एवढं काय? आता खरा मुद्दा.

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर पट्ट्यात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याकडे जात असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला. बैलगाडीला तर दिव्याचा प्रश्नच नाही. अशा दुपदरी रस्त्यावर बाइकवरून कोणीतरी घरी चाललंय. समोरून झेनॉन लावलेली कार येते. बाइकवाल्याचे डोळे दिपतात. कार निघून गेली, तरी डोळे लगेच सावरत नाहीत, काही सेकंद अंधारी राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाने बाइक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद धरा, ५० मीटर. तेवढ्या अंतरात पुढे एखादी ट्रॉली असेल, तर ती त्याला दिसणारच नाही.

यातला हिशोब नीट बघा. डोळे एकाचे दिपले. धडक बसली ती दुसऱ्याला, कदाचित ट्रॉलीमागे चालणाऱ्या मजुराला. आणि ज्याच्या दिव्याने हे घडलं, तो एव्हाना पुढच्या गावात पोहोचून चहा पीत असेल. त्याला काही कळलेलं नाही, कधी कळणारही नाही. अपघाताच्या पंचनाम्यात त्याच्या गाडीचा नंबर येत नाही. म्हणूनच ‘मी इतकी वर्षं झेनॉन वापरतोय, एकही अपघात झाला नाही’ या वाक्याला काही किंमत नाही. अपघात झाला असेल तर तो तुमच्या मागे झाला, आणि तुमच्या आरशात तेव्हा अंधार होता.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातली १५,२२४. ही सगळी हेडलाइटमुळे गेली, असं कोणी म्हणणार नाही. वेग, दारू, हेल्मेट, खड्डे, कारणं ढीगभर आहेत. पण जो रस्ता आधीच इतका जीवघेणा आहे, त्यावर आपण हौसेखातर आणखी एक कारण का ठेवायचं?

आणि समोर नेहमी धडधाकट तरुणच असतो असं नाही. वय वाढतं तसा डोळ्यातल्या भिंगात उजेड जास्त विखुरतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा म्हणजे नुसता फुटलेला सूर्य. स्कूटरवरून भाजी घेऊन परतणारे तुमचे बाबा, रात्रीची एसटी घेऊन वरंध किंवा कुंभार्ली घाट चढणारा ड्रायव्हर, आषाढी वारीत उजाडायच्या आधी रस्त्याच्या कडेने चालणारी दिंडी, दूध घालायला पहाटे सायकलवर निघालेला माणूस. नियम १०६ मधला तो ८ मीटरवर उभा असलेला माणूस यांच्यापैकीच कोणीतरी आहे.

पण आमचंही ऐका

झेनॉन लावणारे सगळे माजलेले असतात, असं मानणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्यांच्या तीन तक्रारी आहेत, त्या खऱ्या आहेत.

पहिली, ‘कंपनीचे दिवे मेणबत्तीसारखे आहेत.’ काही स्वस्त मॉडेलच्या बाबतीत यात तथ्य आहे. ग्राहकाला टचस्क्रीन दाखवून गाडी विकली जाते, हेडलाइट कोणी शोरूममध्ये लावून बघत नाही. पण मंद दिव्याची कारणं बऱ्याचदा वेगळीच निघतात. काच पिवळी पडलेली असते, रिफ्लेक्टर काळवंडलेला असतो, बल्ब जुना झालेला असतो किंवा वायरिंगमध्ये व्होल्टेज गळत असतं. तिथे झेनॉन म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून खोलीत हजाराचा बल्ब लावण्यासारखं.

दुसरी, ‘समोरचे सगळे लावतात, मग मला काहीच दिसत नाही, म्हणून मीही लावले.’ हे सगळ्यात प्रामाणिक कारण आणि सगळ्यात घातकही. त्याच्यामुळे तुम्ही लावलं, तुमच्यामुळे तिसरा लावणार. प्रत्येक जण एक पायरी वर चढतो आणि रस्ता प्रत्येकासाठी पहिल्यापेक्षा अंधारा होतो. ज्याला किट परवडत नाही, त्याचे हाल तर विचारूच नका.

तिसरी, ‘कंपनीचे एलईडी असलेल्या उंच एसयूव्हीही डोळे फोडतात, त्यांना कोण विचारतं?’ बरोबर आहे. उंच गाडीचा दिवा छोट्या कारमधल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि अप्परवरच गाडी हाकायची सवय असेल तर कायदेशीर दिवाही छळ करतो. तिथेही कडक नियम हवेत. पण शेजाऱ्याच्या स्पीकरचा आवाज मोठा आहे, म्हणून आपण भोंगा लावणं हे उत्तर नसतं.

काय करता येईल, आजच

झेनॉनशिवाय रात्री नीट दिसण्यासाठी करता येण्यासारखं बरंच आहे, आणि ते किटपेक्षा स्वस्त आहे.

हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या. विंडस्क्रीन आतून पुसा, आतल्या चिकट थरावर उजेड पसरून तुम्हालाच कमी दिसतं. बल्ब बदलायचा तर मूळ वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या. ९०/१०० वॅटचा हॅलोजनही नियमात बसत नाही, शिवाय त्याच्या उष्णतेने होल्डर आणि वायरी वितळतात. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना ‘हेडलाइटचा फोकस चेक करा’ असं जॉबकार्डवर लिहायला सांगा. आपण वॉशिंग सांगतो, अलाइनमेंट सांगतो, हे कधी सांगत नाही.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकडे असलेलं एक छोटं चाक कितीतरी गाड्यांमध्ये असतं. अनेकांनी ते आयुष्यात फिरवलेलं नसतं. मागे तीन माणसं आणि डिकीत कोकणातून आणलेल्या आंब्याच्या पेट्या असतील, तर गाडीचं नाक वर उचलतं आणि हॅलोजनचा साधा दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा ते चाक २ किंवा ३ वर न्यायचं. गाडी रिकामी झाली की परत ० वर. काही खर्च नाही.

आणि डिपर द्या. समोरून गाडी दिसली की द्या, पुढच्या गाडीच्या मागे असाल तरी द्या. एवढं करूनही अख्खा हेडलाइटचा संचच बदलायचा असेल, तर दुकानदाराला नको, आरटीओला लेखी विचारा. परवानगी मिळाली तर कागद जवळ राहील, नाही मिळाली तर पैसे वाचतील.

फक्त पोरांची पावती फाडून भागणार नाही

एवढं सगळं वाचकाला सांगितल्यावर व्यवस्थेला दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

कारवाई होते ती नाक्यावर, गाडी लावणाऱ्यावर. किट विकणाऱ्याच्या दुकानावर ‘एचआयडी, एलईडी फिटिंग करून मिळेल’ असा बोर्ड दिवसाढवळ्या झळकत असतो. कलम १८२अ मध्येच, केंद्राने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले भाग नियमात न बसता विकले, तर विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद अशी तरतूद आहे. हेडलाइटच्या बल्बपेक्षा सुरक्षेचा दुसरा कोणता भाग असतो? ज्याने पाच हजारांचं किट घेतलं त्याला दंड आणि ज्याने पाचशे जणांना विकलं त्याला नवा माल, हे चालणार नाही. ऑनलाइन विक्रीलाही हाच न्याय हवा.

दुसरं म्हणजे तपासणी. टॅक्सी, ट्रक, बस यांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी असते. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची, तोवर तिच्या हेडलाइटकडे कोणी सरकारी माणूस बघतच नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा पीयूसीला मात्र जावंच लागतं. तिथे धुराबरोबर दिव्याचा झोतही तपासला तर? कल्पना नवी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच केंद्राला आणि राज्यांना हेडलाइटच्या प्रखरतेची आणि झोताच्या कोनाची मर्यादा ठरवायला आणि पीयूसी व फिटनेस तपासणीच्या वेळी ती बघायला सांगितलं आहे. आदेश कागदावरून पीयूसी सेंटरच्या टपरीपर्यंत पोहोचला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

आणि ज्यांना खरंच चांगला दिवा हवा आहे, त्यांच्यासाठी सरळ वाट उघडा. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही ठरावीक एलईडी बल्ब मंजूर झाले आहेत, पण कोणत्या मॉडेलच्या कोणत्या हेडलाइटमध्ये कोणता बल्ब चालेल, ते तपासून, यादी करून. आपल्याकडे तपासणी करणाऱ्या संस्था आहेत, प्रयोगशाळा आहेत. अशी यादी इथेही निघाली, तर नियम पाळणाऱ्याला पर्याय मिळेल आणि ‘सगळे लावतात’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं तोंड बंद होईल.

तोवर निर्णय तुमच्या हातात आहे. आपल्या वयाच्या मुलामुलींना नियम आवडत नाहीत, असं मोठी माणसं म्हणतात. आपल्याला न पटलेले नियम आवडत नाहीत, हे जास्त खरं. हा नियम पटण्यासारखा आहे. तो तुम्हाला अंधारात गाडी चालवायला सांगत नाही. तुमच्या पुढे ८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसालाही रस्ता दिसू द्या, एवढंच सांगतो. आज रात्री गाडी लावून झाली, की हेडलाइटच्या काचेवरची ती बारीक अक्षरं एकदा वाचा. आत काय बसवलंय ते तुम्हाला माहीत आहेच. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर उद्या गॅरेजवाल्याला मूळ बल्ब परत बसवायला सांगा.